न हलण्याचे काम

मित्रांनो, मी एक जुना लाकडी गोळा आहे. लिंबाहून मोठा, संत्र्याहून लहान. मला पाहून कुणी म्हणते, हा पलंगाच्या खांबावरचा असेल. कुणी म्हणते, जिन्याच्या कठड्यावरचा. माझी हकिगत मला नीट सांगता येईल की नाही, याची मला शंकाच आहे. आयुष्यभर मी कुणाच्या तरी मुठीत राहिलो, बोलण्याची वेळ कधी आली नाही. तरी प्रयत्न करतो.

माझे लाकूड मूळचे पुस्तकांच्या संगतीतले. एक गृहस्थ पुस्तकबांधणीचे काम करत. पाने दाबून ठेवण्याच्या त्यांच्या यंत्राला एक दांडा होता आणि मी त्या दांड्याची मूठ होतो. पुढे यंत्र मोडीत निघाले. पण या गृहस्थांना काही टाकवत नाही. त्याच सुमारास त्यांच्या पत्नीच्या गाडीतली, गिअरच्या दांड्यावरची प्लॅस्टिकची मूठ तडकली. त्यांनी मला सुताराकडे नेले, गोल करून घेतले, पोटात पितळी आटे बसवले, माथ्यावर एक ते पाच आकडे कोरले आणि लग्नाच्या वाढदिवशी कागदात गुंडाळून बायकोच्या हातात ठेवले. "मला वाटलं, दागिना असेल," त्या म्हणाल्या. पण मला दांड्यावर पिळून बसवल्यावर संध्याकाळपर्यंत त्या गाडीतून उतरल्याच नाहीत.

या पत्नी, म्हणजे आमच्या बाई, लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकवण्याची गाडी वेगळी होती, गरीब स्वभावाची. ही मात्र त्यांची स्वतःची: हिरवी, बसकी, दोन दारांची आणि उडी मारल्यासारखी सुटणारी. विद्यार्थी तिला टोळ म्हणत.

गिअर बदलताना काय होते, ठाऊक आहे का तुम्हाला? डावा पाय क्लच दाबतो. मग इंजिन आणि चाके क्षणभर एकमेकांचा हात सोडतात. तेवढ्यात डावा हात मला पुढच्या खाचेत सरकवतो, पाय वर येतो आणि पुन्हा हातात हात. हे सगळे तुमची पापणी लवेपर्यंत. डोंगरातल्या वळणावर बाई मला तिसऱ्यातून दुसऱ्यात ओढत, टोळ गुरगुरत वळणाबाहेर पडे, आणि मला वाटे, गाडी मीच चालवतो आहे. बाई माझे कौतुकही करत. विद्यार्थ्यांना म्हणत, या गोळ्याला दाबू नका, नुसते सुचवा.

वर्षे गेली. माझ्या माथ्यावरचे आकडे झिजले; तीन सर्वांत आधी पुसला गेला. बाईंचा डावा गुडघाही तसाच झिजत होता, पण तो कुणाला दिसत नव्हता. एके दिवशी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की या पायाने यापुढे क्लच दाबायचा नाही. म्हणजे आपोआप गिअर बदलणारी गाडी घ्यायची, नाहीतर गाडी चालवणे सोडायचे.

बाईंना दोन्ही नको होते. तसल्या गाडीत माणूस गाडी चालवत नाही, गाडीला सोबत करतो, असे त्यांचे मत. मग मी मागच्या सीटवर बसेन, असे त्यांनी रागाने जाहीर केले. त्यांच्या यजमानांना गाडी चालवता येत नाही. ते शांतपणे म्हणाले, "मागे आपण दोघं बसलो, तर पुढे कोण बसणार?"

टोळ कापडाखाली उभी राहिली. अंधारात मला एकच प्रश्न पडे. हाताशिवाय, पायाशिवाय गिअर बदलतो तरी कसा? कळते कुणाला की आता बदलायचा?

अखेर बाई एक गाडी नुसती पाहून यायला तयार झाल्या. निघताना त्यांनी मला पिळून काढले आणि पर्समध्ये टाकले. दुकानातल्या विक्रेत्यापुढे मला धरून विचारले, "नव्या गाडीच्या दांड्यावर हा बसेल का?" तो बिचारा गोंधळला. नव्या गाडीत अंगठ्याएवढी एक कळ होती, तिला आटेच नव्हते. बाईंनी मला पेला ठेवण्याच्या खळग्यात ठेवले. माझे सगळे अवसान गळाले.

पण कुतूहल काही गळाले नाही. विक्रेता समजावत होता ते मी कान देऊन ऐकले. या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात. एकाकडे पहिला, तिसरा, पाचवा गिअर. दुसऱ्याकडे दुसरा, चौथा, सहावा. एक ओढत असतो तोवर दुसरा पुढचा गिअर लावून तयार. मग एकाने सोडायचे आणि त्याच क्षणी दुसऱ्याने धरायचे.

"म्हणजे हे पान वाचताना पुढच्या पानाखाली बोट घालून बसायचं, तसं," यजमान मागच्या सीटवरून म्हणाले. मला ते चटकन पटले. शेवटी मीही पुस्तकांतलाच.

गाडी निघाली. पहिल्या चौकाशी बाईंचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला. तिथे क्लच नव्हताच, ऐसपैस ब्रेक होता. गाडी जागीच थांबली. विक्रेता पट्ट्यात लटकला, यजमानांचा चष्मा मांडीवर पडला, मी खळग्यातून उडून खाली गेलो. मागून दुसरे वाहन येत नव्हते म्हणून बरे. बाईंनी गाडी कडेला घेतली. कितीतरी घाबरलेल्यांना धीर देणाऱ्या बाईंनी स्वतःच पट्टा सोडला. "मला नाही जमणार," त्या म्हणाल्या. "चला, मी मागे बसते."

यजमानांनी चष्मा पुसला. "मास्तरीणबाई, मी मागून बघत होतो. आधी तुझा हात गेला, तिथे काहीच नव्हतं, आणि त्याच्या मागून पाय गेला. इतकी वर्षं जोडीनं काम केलंय दोघांनी. हाताला काहीतरी धरायला दे, पाय गप्प बसेल."

त्यांनी मला उचलले, रुमालात गुंडाळून खळग्यात घट्ट बसवले. पुन्हा निसटून ब्रेकखाली गेलो असतो तर अनर्थच. बाईंनी डावा पाय मागे ओढून घेतला आणि हात माझ्यावर ठेवला.

पुढच्या वळणावर तो हात मला ढकलू लागला. जन्मभर मी त्या हाताचे ऐकत आलो होतो. पहिल्यांदाच हललो नाही. पाय जागेवर राहिला. खालून बारीकशी टिचकी जाणवली. गिअर बदलला होता!

चढावर बाईंनी अचानक ॲक्सिलरेटर दाबला तेव्हा गाडी जराशी अडखळली, मग सावरून धावली. विक्रेत्याने कबूल केले की हा गिअरबॉक्स पुढचा गिअर अंदाजाने लावून ठेवतो. अंदाज कधी चुकतो. बाईंचा चेहरा खुलला.

"चुकतो का हा? मग याला शिकवता येईल."

ती गाडी घरी आली. टोळ एका छायाचित्रकाराने नेली. तिच्यावर आता दुसरी मूठ आहे. खाचेत बसतानाचा तो 'टक्' मला अजून आठवतो. नव्या गिअरबॉक्सला तो येत नाही आणि त्याची ती चपळाई मला कधी आली नसती. दोघांत चांगला कोण, हे माझ्याच्याने ठरत नाही.

आता बाईंचा पाय शहाणा झाला आहे. परवा त्यांनी मला काढून खळग्यात चहाचा पेला ठेवला. मी समजून चुकलो. पण वळण आले, हात खाली आला आणि गरम पेल्याला लागून झटकन मागे गेला. बाईंनी पेला यजमानांच्या हाती दिला आणि मला परत जागेवर बसवले.

मित्रांनो, एखाद्या वस्तूचे काम संपले असे वाटले, तर टाकण्याआधी ती एकदा हातात घेऊन पाहा. आणि घरातल्या मोठ्यांचे गुडघे दुखतात का, तेही विचारा. ते आपणहून सांगत नाहीत.