उजवा हात हनुवटीला

डोक्याच्या तपासणीत मेंदूवर एक डाग दिसला आणि तुम्ही बॉक्सिंग मंडळवाल्यांनी डरमट टूलनला बॉक्सिंगमधून कायमचं बाहेर काढलंत. पुढे हा माणूस जगणार कसा, हे विचारायची तुम्हाला गरजही वाटली नाही.

बेलफास्टमधल्या आपल्या स्वयंपाकघरात डरमट रोज सकाळी एकटाच डावा हूक मारतो. पुढच्या पायाची टाच बाहेर फिरवायची, तिच्याबरोबर कंबर वळवायची, कोपर खांद्याच्या उंचीला आणायचं आणि वाकलेला हात तसाच आडवा फेकायचा. उजव्या हातानं मात्र हनुवटी सोडायची नाही. तो सुटला की त्याचे वस्ताद मॅलकी ठोसे झेलायला हातात धरलेल्या पॅडनंच कानाखाली टपली द्यायचे. "हनुवटी काय भाड्यानं दिलीयस का रे गाढवा?"

आज हूक मारून थांबला, तेव्हा उजवा हात छातीपाशी लोंबत होता. किती दिवस लोंबत असेल, कोण जाणे. टपली द्यायला कुणी नव्हतंच.

तो तसाच निघून मॅलकींच्या क्लबवर गेला.

"वस्ताद, मी कुणाला मारत नाही. नुसतं पोरांसमोर पॅड धरतो."

मॅलकी दारातच आडवे उभे राहिले. "तू आत पाय टाकलास तर क्लबला टाळं ठोकतील, लेका. मंडळाची तशी ताकीदच आहे. जा घरी." म्हाताऱ्याला त्याच्याकडे बघवेना.

डरमट फुटपाथवर उभा राहून आतले ठोसे ऐकत राहिला.

ठोसे खाऊ नकोस म्हणालात, त्यानं ऐकलं. पण दुसऱ्यासाठी पॅड धरून त्याच्या डोक्याला काय होणार होतं? बोला ना!