केशवरावांचा वाटा

समुद्रपूरकडच्या रूपराव राजांची मालगुजारी कायद्याने जाऊन वीस वर्षं झाली होती, तरी दसऱ्याला गाव गढीवर मुजऱ्याला जात होतं. राजे गादीवर बसत आणि थोरला मुलगा केशवराव उजव्या हाताला. १९७१ च्या दसऱ्याला त्या जागी धाकटा नरहर बसला, कारण त्या उन्हाळ्यात केशवरावांनी अल्लीपूरच्या चंद्रभान पाटलांच्या मुलीशी, आनंदाशी, लग्न केलं होतं. कपाशीचं बियाणं बघायला ते पाटलांच्या शेतावर गेले होते, तिथे ओळख झाली. पाटील खाऊन-पिऊन सुखी होते, पण कुणबी. राजे स्वतःला शहाण्णव कुळी म्हणवत.

"कुणब्याच्या मुलीच्या पोटचं या गादीवर बसणार नाही," राजे म्हणाले. "जमिनीचंही विसर."

केशवरावांनी वाद घातला नाही. ते अल्लीपुरात राहिले, सासऱ्याबरोबर शेती करू लागले. पुढच्या वर्षी शरयू झाली. मुलगी दोन वर्षांची असताना विषमज्वराने केशवराव गेले. राजे मसणवटीत आले, दूर उभे राहिले आणि सुनेशी एक शब्द न बोलता परत गेले.

त्यानंतर एका घराने किती जमीन ठेवावी याचा सीलिंगचा कायदा कडक झाला. गढीची बरीच जमीन सरकारजमा होणार होती. वकिलाने नरहरला वाट दाखवली: केशवरावांचा वाटा त्यांच्या विधवेच्या आणि मुलीच्या नावाने वेगळा मोजला गेला, तर तेवढी जमीन वाचेल. मात्र ते लग्न घराने मानलेलं असायला हवं.

नरहर अल्लीपूरला आला. आनंदाबाई अंगणात तूर पाखडत होती. त्याने पहिल्यांदाच तिला वहिनी म्हटलं आणि सगळं समजावून सांगितलं.

"म्हणजे आता मी तुमची वहिनी झाली," ती म्हणाली.

"झालं गेलं विसरा. शरयूच्या नावावर जमीन होईल, वाईट काय आहे त्यात?"

"वाईट काई नाई. पण मामाजीनं सोता कचेरीत येऊन सांगाव, का मी त्यायची सून हाव म्हणून."

"आबासाहेब कचेरीत? अहो, वकील लिहून देईल की."

"मंग वकिलालेच सून करून घ्या म्हणा," ती म्हणाली आणि सूप पुन्हा हातात घेतलं.

महिनाभराने राजे हिंगणघाटच्या तहसील कचेरीत आले. फेटा बांधलेला होता. तहसीलदार साहेबांनी खुर्ची दिली, ते बसले नाहीत. आनंदाबाई शरयूला कडेवर घेऊन भिंतीशी उभी होती.

"या बाई कोण?" साहेबांनी विचारलं.

राजे म्हणाले, "केशवची बायको."

"म्हणजे तुमच्या कोण?"

"माझी सून. आणि ती नात." बोलताना त्यांनी मुलीकडे पाहिलं. आतापर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते.

नदीकाठची काळी जमीन मायलेकींच्या नावे झाली. नरहरच्या लेखी तो कागदापुरता व्यवहार होता. जमीन गढीच कसणार होती. पण पुढच्या मृगाआधी आनंदाबाई वडिलांची बैलजोडी आणि गडी घेऊन त्या शेतात उतरली. नरहर धावत आला.

"वहिनी, हे काय करून राह्यले तुम्ही? हे नावापुरतं होतं."

"मले तसं कोणी सांगतलं नाई. साहेबानं इचारलं, मामाजीनं सांगतलं. मी उभीच होती ना तिथं."

"शेत सोडा, नाहीतर मी कोर्टात जाईन."

"जा ना. मामाजीलेच घेऊन जाजा."

नरहर गढीवर गेला आणि वडिलांना म्हणाला, ती बाई आपल्याला फसवते आहे, तुम्ही दावा लावा. राजांनी एवढंच विचारलं:

"मी कचेरीत खोटं सांगितलं असं तुझं म्हणणं आहे का?"

"तसं नाही. पण आपलं ठरलं होतं—"

"तिच्याशी कोणी ठरवलं होतं?"

दावा लागला नाही. गावात काही लोक हसले, काहींना वाटलं बाई लोभी आहे. आनंदाबाईने शेतातच दोन खोल्या बांधल्या. पहिल्या वर्षी कपाशीवर बोंडअळी पडली, दुसऱ्या वर्षी बरं पिकलं. राजे कधी कधी धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत येत, पिकाकडे बघत. शरयू धावत गेली तर तिच्या डोक्यावर हात ठेवत. सुनेच्या घरचं पाणी मात्र ते कधी प्यायले नाहीत आणि तिनेही कधी आग्रह केला नाही.

राजे १९८३ मध्ये वारले. गादी नरहरकडे गेली. त्याबद्दल आनंदाबाईने कधीच काही मागितलं नव्हतं. तेराव्याला गढीवरून तिला बोलावणं आलं. घरातल्या बायकांच्या पंगतीत सगळ्यात शेवटी तिचा पाट मांडला होता, शरयूचा तिच्या शेजारी. वाढायला स्वतः नरहर आला.

"अजून एक पोळी?" त्याने विचारलं.

"अर्धी द्या," आनंदाबाई म्हणाली.

जेवून दोघी पायीच शेतावर गेल्या. तण काढायचं निंदण अर्धं राहिलं होतं आणि बाया वाट पाहत होत्या.