साडेचार हजारांत बुजणारी खिडकी

मी एक जुनी सागवानी खिडकी आहे. नशिराबादला, हायवेपासून आत तिसऱ्या गल्लीत, लीलाधरभाऊंच्या घराच्या भिंतीत मी बसवलेली आहे. चार फूट उंची, तीन फूट रुंदी, दोन पल्ले, सहा गज. निदान गेल्या वर्षापर्यंत तरी मी एवढी होते.

माझे लाकूड यावलकडून आले. लीलाधरभाऊंच्या वडिलांनी घर बांधले तेव्हा सुताराने अंगणातच रंधा मारून मला तयार केले. माझे तोंड उत्तरेला यावे असे कोणी मुद्दाम ठरवले नव्हते, पण ते तसे आले. उत्तरेच्या खिडकीतून ऊन फारसे आत येत नाही, नुसता उजेड येतो, आणि तो दिवसभर सारखा असतो.

बरीच वर्षे या उजेडाचे कोणाला काही वाटले नाही. मग मोहिनीबाई या घरात सून म्हणून आल्या. त्यांनी माहेरून शिलाई मशीन आणले होते. पहिल्याच आठवड्यात सगळे घर फिरून पाहून त्यांनी ते माझ्याखाली मांडले. बाया गल्लीतूनच गजांमधून कापड आत देत, शिवलेला ब्लाउज घेऊन जात. मी चांगली खिडकी आहे असे मोहिनीबाई कधी म्हणाल्या नाहीत. त्या बारा वर्षे माझ्यापाशी बसल्या, एवढेच.

मित्रांनो, आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. पाच वर्षांपूर्वी लीलाधरभाऊंनी माझे मधले दोन गज कापले आणि अर्ध्या भागात कूलर बसवला. कूलरची टाकी गळत होती. थेंब माझ्या चौकटीच्या खालच्या लाकडावर पडत. लाकूड आधी फुगले, मग काळे पडले, मग मऊ झाले. पल्ले खाली घासू लागले. रंग लावून घेऊ, असे दर दिवाळीला बोलणे होई.

गेल्या मे महिन्यात कूलर चालू असताना मोहिनीबाई मशीनवरच चक्कर येऊन पडल्या. लीलाधरभाऊंनी त्यांना उचलून पलंगावर निजवले आणि तोंडावर पाणी शिंपडले. शेतातल्या केळीचे पैसे हाती आले तसा त्यांनी खोलीत एसी लावला.

एसी बसवणारा मला पाहून म्हणाला, "या फटींतून सगळा गारवा बाहेर जाईल. ही बंद करा."

भाऊंनी रुपचंद सुताराला विचारले. खालचे लाकूड, गज, पल्ले, बिजागऱ्या आणि रंग मिळून अकरा हजार, असे तो म्हणाला. विटांनी बुजवून दोन्हीकडून गिलावा करायचे पुना मिस्तरींनी साडेचार हजार सांगितले.

"बुजाले साडेचार, दुरुस्तीले अकरा," भाऊ घरात म्हणाले. "सडक्या लाकडात एवढे पैसे काहाले घालू?"

मोहिनीबाईंनी मशीनवरचे कापड आवरून घेतले. एसी आपल्यासाठीच आणला आहे, हे त्यांना माहीत होते. कूलर काढला आणि मिस्तरी मोकळे होईपर्यंत माझ्यावर प्लायवूड ठोकले गेले. खोली गार झाली आणि ट्यूबलाइटखाली शिलाई सुरू झाली.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या सुनंदाबाई मुलीच्या लग्नाचा मोरपंखी ब्लाउज परत घेऊन आल्या. "मोहिनी, हा उन्हात नेऊन पाह्य," त्या म्हणाल्या. मोहिनीबाईंनी अंगणात नेऊन पाहिला. मोरपंखी कापडावर सगळी शिवण निळ्या दोऱ्याची होती. ट्यूबलाइटखाली तो दोरा मिळताजुळता वाटला होता. सुनंदाबाई रागावल्या नाहीत. पण ठरलेले बाकीचे चार ब्लाउज त्या दुसरीकडे टाकणार होत्या. लग्न जवळ आले आहे, असे त्यांनी सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुना मिस्तरी आले. ते नरडाण्याकडचे, बोलीही तिकडची. त्यांनी प्लायवूड काढले आणि पल्ले उतरवून भिंतीला टेकवले. तीन आठवड्यांनी खोलीत उजेड पडला. मोहिनीबाई त्या ब्लाउजची उसवलेली बाही घेऊन माझ्यापाशी आल्या आणि एकेक रीळ तिला लावून पाहू लागल्या. चौथे रीळ बरोबर लागले. भाऊ दारात उभे राहून पाहत होते.

"मले गारवा बी पाह्यजे आणि उजेड बी पाह्यजे," मोहिनीबाई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "गारव्यात बसून चुकीचं शिवलं तर कोन घेईन?"

भाऊंनी मिस्तरींकडे पाहिले. मिस्तरींनी माझ्या खालच्या लाकडात बोट खुपसले. ते पेराएवढे आत गेले. मग त्यांनी वरच्या भागावर हातोडीने दोनदा ठोकून पाहिले. तो खणखणीत वाजला.

"खालनं सडी जायेल शे. वरनं बठ्ठं चांगलं शे," ते म्हणाले. "आर्धी बुजू, आर्धी ठेवू."

खर्च सहा हजार आठशे निघाला. बुजवण्यासाठी काढलेले साडेचार हजार भाऊंनी दिले, वरचे मोहिनीबाईंनी शिलाईतून घातले. रुपचंदने माझी चौकट मधोमध कापली, खाली नवी पट्टी जोडली, पल्ले आखूड करून त्यांत काचा बसवल्या आणि कडांना रबर लावले. सडलेले लाकूड बंबात जळाले. खाली पुना मिस्तरींनी विटांचे सात थर चढवले.

आता मी दोन फुटांची आहे. बायांचा हात गल्लीतून माझ्यापर्यंत पोचत नाही, त्यांना दाराने आत यावे लागते. उजेड वरून पडतो, म्हणून मोहिनीबाईंना रंग पाहण्यासाठी उभे राहावे लागते. सुनंदाबाईंचे चार ब्लाउज परत आले नाहीत. त्यांच्या जावेचे दोन आले.

मित्रांनो, मला कोणाविषयी तक्रार नाही. लीलाधरभाऊंनी माझे वाईट चिंतले नव्हते, त्यांनी फक्त चार वर्षे खाली वाकून पाहिले नाही. टाकीचे भोक बुजवायला तेव्हा पन्नास रुपये पुरले असते. तुमच्या घरीही कुठे पाणी ठिबकत असेल, तर आज तिथे नुसता हात लावून पाहा. लाकूड ओले लागले, तर ते अजून लाकूडच आहे. बोट आत गेले, तर मिस्तरींना बोलवायची वेळ आली आहे.