लिफ्टमधली धून

"काका, आज तुमची सुटका! स्पीकर जळालाय," स्टुलावर चढलेला वायरमन म्हणाला.

लिफ्टमनने वर पाहिलं. या इस्पितळात तो वडिलांच्या जागेवर लागला, तेव्हा मिशीही धड फुटली नव्हती. तेव्हापासून छतातून एकच धून झिरपत होती. बासरी, घंटा, पुन्हा बासरी. पेशंटला बरं वाटावं म्हणून लावलेली. पेशंटचं माहीत नाही, त्याचं मात्र डोकं उठलं होतं.

"नवीन बसवतोय. यात हवं ते टाकता येतं. बोला, काय टाकू?"

इतक्या वर्षांत हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आणि त्याला आवडनिवड नव्हती असं थोडंच! लहानपणी आई मशीनवर शिवताना गुणगुणायची. पायडलचा ठेका नि आईचा नाकातला सूर, एवढ्यावर स्वारी झोपायची. थोडा मोठा झाल्यावर आईचं गाणं त्याला बावळट वाटायला लागलं. मग बँडचं वेड. ट्रंपेटवाल्याचे फुगलेले गाल बघत तो मागे मागे हिंडायचा आणि घरी येऊन नरसाळं फुंकायचा. पुढे आवाज फुटला, तसं तेही पोरकट झालं. दादाने कुठूनशी एक कॅसेट आणली, नुसता गिटारचा धुमाकूळ. दार लावून दोघं ऐकायचे. बाहेरून वडील ओरडायचे, "भांडी आपटताय का रे?" त्या ओरडण्याने ते गाणं आणखीच आपलं वाटायचं.

कॅसेटची दुसरी बाजू अजून नीट कळायची होती, तेवढ्यात वडील गेले. पुढे काय आवडलं असतं कोण जाणे. ड्यूटी सुटायची, धून सुटायची नाही.

"नाव आठवत नसेल तर गुणगुणा काका, मोबाईल शोधेल."

त्याने डोळे मिटले. बंद दार दिसलं, दादा दिसला, गिटारच्या ठेक्यावर डोलणारी त्याची मान दिसली. त्याने सूर लावला.

वायरमन हसला. "अहो, ही तर लिफ्टचीच!"

"थांब, थांब." त्याने घसा खाकरला. निदान आईचं तरी. पुन्हा तेच. बासरी, घंटा, बासरी. त्याला एकदम रडूच आलं.

"मग तीच टाकू?"

"काही नको टाकूस. राहू दे चार दिवस असंच. बघू काही आठवतंय का."

वायरमन स्टूल घेऊन गेला. काठी टेकत एक आजी आत आल्या. लिफ्ट मुकाट वर निघाली.

"आज गाणं नाही वाटतं?" आजींनी विचारलं.

त्याने नुसती मान हलवली. धून बाहेर पडू नये म्हणून ओठ त्याने घट्ट मिटून धरले होते.