मालिकेतला नवरा सुधारला, म्हणून

कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, पण पुष्पलताबाई टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. पडद्यावर बायकोला मारणारा नवरा मानसोपचाराच्या डॉक्टरणीसमोर बसला होता. त्याने टेबलाची काच फोडली, तुकडा तिच्या गळ्याला लावला, आणि मग बापाने लहानपणी कसं झोडपलं ते सांगत ढसाढसा रडला.

"लय भोगलं बिचाऱ्यानं," पुष्पलताबाई म्हणाल्या. बाबारावांनीही चष्मा काढून डोळे पुसले.

त्यांची मुलगी कामिनी सदर भागातल्या चष्म्याच्या दुकानातून नुकतीच आली होती. दारातच उभी राहून ती म्हणाली, "अन् जिच्या गळ्याले काच लावली, तिचं काय?"

पुष्पलताबाई कुकर बंद करायला उठल्या. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याचा मार खाऊन कामिनी रामटेकहून नंदनवन वस्तीत माहेरी आली, ती परत गेली नव्हती.

त्या मालिकेने सगळ्या नातेवाईकांना वेड लावलं होतं. मालिकेतली बायको नवऱ्याकडे परत गेली, त्या दिवशी तर मामी, मावशी, चुलत बहीण, सगळ्यांचे फोन आले. पाहिलं का वं, माणूस सुधारतो. तू बी एक चान्स दे.

रविवारी कामिनीचा नवरा पियूष स्वतःच आला, आईला घेऊन, संत्रा बर्फीचा डबा घेऊन. वाळला होता. सोफ्याच्या कडेवर बसला.

"ती मालिका पाहून मी रात्रभर रडलो," तो म्हणाला. "आता मीही काउन्सेलरकडे जाऊन राहिलो. मी काहून मारत होतो, ते समजून राहिलं मले."

तो खोटं बोलत नव्हता. कामिनीला ते कळलं, आणि म्हणूनच तिला जड गेलं.

"त्या मालिकेतल्या बाईनं मन मोठं केलं न वं," सासू म्हणाली.

"तिले लेखकानं पाठवलं, आई. मले कोण पाठवून राहिलं?"

बाबाराव खाकरले. "बेटा, तो खरंच बदलला असन तर..."

"बदलला असन, बाबा. चांगलंच आहे."

तेवढ्यात पियूष शेजारून हळू आवाजात काहीतरी बोलला. कामिनीने मान वळवली. "इकडून बोल. त्या कानानं मले ऐकू येत नाही."

लग्न झाल्यापासून ती त्याला 'तुम्ही' म्हणत आली होती.

"तू जात राह काउन्सेलरकडे," ती म्हणाली. "बंद नको करू. पण मी येईन म्हणून जात असशील, तर आजच सांगते, मी येत नाही. कधीच नाही."

पियूषच्या गालाचा स्नायू ताठरला. गुडघ्यावरची मूठ आवळली गेली. "मी एवढं सगळं करून राहिलो, तरी बी? समजते काय तू सोताले?"

आवाज फार चढला नव्हता. पण पुष्पलताबाई उठल्या. बर्फीचा डबा त्यांनी त्याच्या हातात परत दिला.

"जावईबापू, निघा आता."

"अहो विहीणबाई, असं काय करता?" सासू म्हणाली.

"मालिका मीही पाहते, रडतेही," पुष्पलताबाई म्हणाल्या. "पण हिले दवाखान्यात मी नेलं होतं. उशीवर रक्त होतं, ते मी धुतलं. तुम्ही तिकडं होत्या न घरात? तुम्ही काय केलं?"

सासूने पदर सावरला. दोघं निघून गेले.

बाबाराव दिवसभर रुसून होते. लोक काय म्हणतील, याची त्यांना काळजी. "मीच सांगते लोकायले," कामिनी म्हणाली आणि तिने सगळ्या नातेवाईकांना स्वतः फोन लावले. मामी म्हणाली, तू दगड आहेस. "हो, आहे," कामिनी म्हणाली आणि पुढचा नंबर लावला.

सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची सुटी घेतली आणि आई नको म्हणायची म्हणून इतके दिवस टाळलेलं काम केलं. वकिलीणबाईंच्या ऑफिसात ती शिरली, तेव्हा पुष्पलताबाई सोबत होत्या. घटस्फोटाच्या अर्जावर कामिनीने सही केली.

खटला अजून चालू आहे. मामीने मुलीच्या साखरपुड्याचं बोलावणं धाडलं नाही. पियूष अजून काउन्सेलरकडे जातो की नाही, हे कामिनीने कुणालाही विचारलेलं नाही.