एका पेल्यातले चमचे

उन्हानं डांबर मऊ पडलं होतं आणि चवकाकांच्या आइस्क्रीमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. साठी ओलांडलेल्या या माणसाला हे नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं. कारण दर उन्हाळ्यात काका नाही नाही त्या चवी काढत: काकडी-पुदिना, भाजलेलं बीट, चिंच-आलं, मागच्या वर्षी तर चक्क लसूण. लोक नावं ठेवत आणि रांगेतही उभे राहत. दुकानाचा रिवाज एकच, आधी जिभेवर, मग नाव. चाखायचे छोटे स्टीलचे चमचे काउंटरवर पाण्याच्या पेल्यात उभे असत. एकाचं चाखून झालं की चमचा पेल्यात खळखळ हलवायचा आणि पुढच्याला द्यायचा. तीस वर्षं हेच चाललेलं. बायको सांगून थकली होती, "अहो, नळाखाली साबणानं धुवा की." काकांचं उत्तर ठरलेलं, "पाण्यात बुडालं ना? झालं मग स्वच्छ."

"ओळखा बाई," काकांनी मास्तरीणबाईंच्या हातात चमचा दिला. बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, तपासणं सुटलं नव्हतं.

"शेंगदाणा. भाजलेला," बाई म्हणाल्या. "आणि जरा करपलाय. लक्ष कुठं होतं तुमचं?"

"लक्ष जाग्यावर होतं बाई, कढईच तापट निघाली."

रांग हसली. काकांनी चमचा पेल्यात हलवला आणि तिथंच ठेवला.

बाईंच्या मागं एक तरुण मुलगी उभी होती, बोटाला सात वर्षांची भाची. "काका, आधी एक विचारते," ती म्हणाली. "हिला शेंगदाणा चालत नाही. दोन वर्षांपूर्वी एका दाण्यानं घसा सुजला होता, श्वास अडकला होता. माझ्या दादानं आज पहिल्यांदाच हिला माझ्या भरवशावर सोडलंय. तुम्ही देताय त्यात दाणा नाही ना?"

काकांनी तिच्यापुरता रिवाज मोडला. "पेरू आणि हिरवी मिरची आहे, पोरी. दाण्याचा वारासुद्धा लागलेला नाही."

पेल्यातला हाताला आला तो चमचा उचलला, झटकला, गुलाबी गोळा भरून लेकराच्या हातात दिला. तिनं तो चाटूनपुसून खाल्ला.

"आत्या, ओठ चुरचुरताहेत."

"मिरची ती, झोंबणारच," मास्तरीणबाई म्हणाल्या. पुन्हा सगळे हसले. पोरगीही हसली आणि हनुवटी खाजवू लागली.

काकाही हसतच चमचा परत घ्यायला वळले, आणि त्यांची नजर पेल्यावर गेली. पाणी दुधाळ झालं होतं. वर तेलाचा पातळ तवंग आणि त्यात दाण्याचे तपकिरी कण तरंगत होते.



मन मोठं हुशार वकील असतं. ते लगेच उभं राहिलं. म्हणालं, अरे, कणभर तर असेल. मिरचीच झोंबत असेल. दुकान भरलंय, तीस वर्षांचं नाव आहे, गुळणी धरून बस, पाच मिनिटांत पोर जाईल घरी. पण आत खोल आणखी कुणीतरी बसलेला असतो. त्याला वकिली येत नाही. त्यानं एवढंच विचारलं, आणि घरी जाऊन श्वास अडकला तर? आत्या मिरची मिरची म्हणत बसेल. खरं काय ते तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक आहे?

"पोरी, ती मिरची नव्हे," काका म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "दाण्याच्या चवीचा चमचा याच पेल्यात हलवला होता. त्यातलाच नुसता झटकून हिला दिला. चूक माझी आहे."



"तुम्ही तर म्हणालात, वारासुद्धा नाही." आत्या म्हणाली.

"म्हणालो. चमचा डोक्यातच आला नाही."

"काका, उगाच कशाला घाबरवता बाईमाणसाला," मागून एकजण म्हणाला. "तिखटानं होतं असं. पाणी पाजा."

आत्यानं पिशवी उघडली. आतून तयार इंजेक्शन काढलं, पण हात थांबला. "दादानं शिकवलंय. मांडीत टोचायचं. पण खरंच मिरची असेल तर? मी कधी..."

"आत्या," पोरगी म्हणाली, आणि तो आवाज तिचा नव्हता. घोगरा, अडकत येणारा. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या.

"मिरचीनं गांधी उठत नाहीत," काका म्हणाले. "टोच."

तिनं दातावर दात रोवले आणि टोचलं. पोर किंचाळली, पण किंचाळीतही हवा कमीच होती. मास्तरीणबाईंनी तोवर आपली गाडी दारात आणली होती. काकांनी लेकराला उचललं, मागच्या सीटवर आत्याच्या मांडीवर आडवं ठेवलं, आणि उघड्या दुकानाकडं वळूनही न बघता पुढं बसले. रस्ता चार मिनिटांचा. काका मनातल्या मनात देवाचं नाव घेत होते आणि मागं वळून त्या छातीचं वरखाली होणं मोजत होते.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी ऑक्सिजन लावला, सलाईन लावलं. म्हणाल्या, "इंजेक्शन वेळेत दिलंत. तरी रात्रभर इथंच ठेवू, पुन्हा सूज येऊ शकते."

बाकावर आत्या आणि काका, मध्ये हातभर अंतर. "तुम्ही जा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग होता आणि तो लपवायची तिला गरज वाटली नाही. "दुकान उघडं टाकून आलात."

"असू दे."

तेवढ्यात आत्याचा फोन मिळताच निघालेले मुलीचे वडील हेल्मेट हातात धरूनच धावत आले. "काय दिलंस तिला? सांगितलं होतं ना तुला?"

काका उठून उभे राहिले. "तिनं विचारूनच घेतलं होतं. दिलं मी." आणि दुकानात सांगितलं होतं ते सगळं पुन्हा सांगितलं. तिथं गिऱ्हाइकं होती, इथं बाप होता. शब्द जड झाले, पण एकही गाळला नाही.

बापाच्या हेल्मेट धरलेल्या हाताच्या शिरा फुगल्या होत्या. काकांनी मान खाली घातली नाही.

पडद्याआडून आवाज आला, "बाबा, मला तहान लागलीय."

स्वच्छ आवाज. कुठंही न अडकणारा. बाप हेल्मेट बाकावर टाकून आत पळाला, त्याच्यामागं आत्या. काका तिथंच भिंतीला टेकले.