बोटभर तूप

नाताळच्या उपवासात आम्हाला दूध, तूप, अंडं काही चालत नाही. माणूस मात्र चालतो, मीठ लावून. मिन्या शहराजवळच्या आमच्या गावात माझ्या थोरल्या जाऊबाई, नर्गिस, त्यात पहिल्या नंबरच्या.

सणाच्या आदल्या सकाळी चर्चमध्ये पापकबुलीची रांग होती. कबुलीशिवाय ख्रिस्तप्रसाद नाही, आणि प्रसादाला जाऊबाई दरवर्षी बायकांत सगळ्यांच्या पुढे. आमचे पाद्री, अबूना बिसेंती, बाकावर कान देऊन बसले होते. जाऊबाईंना हळू बोलणं ठाऊक नाही.

"सून उलट उत्तरं देते, अबूना. प्रार्थनेत पेंगते. परवा भाजीत तूप टाकताना पकडली."

मागेच उभी असलेली ती सून, इरिनी, पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"आणि तुझी पापं?"

"माझी? मला पापाला वेळ कुठंय?"

"मग हा सण तुझा नाही, बाई. ते लेकरू पाप्यांना सोडवायला जन्मलं. तू तर मोकळीच आहेस. एखादं सापडलं तर ये, नाहीतर प्रसाद नाही."

पाप मिळेना म्हणून एवढी कासावीस झालेली बाई मी पहिल्यांदाच बघितली. घरी येताच मला म्हणाल्या, "मातिल्दे, तू सांग गं एखादं. लहानसं. चारचौघांत शोभेल असं."

"एकच? मग निवडायला वेळ लागेल."

"जळो तुझी जीभ! इरिनी, तू सांग."

इरिनी सणाच्या बिस्किटांचं पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "माझं बाळ गेलं त्या दिवशी तुम्ही म्हणालात, मांजरीलासुद्धा पिल्लं जगवता येतात."

"ते होय? ते रागात बोलले मी. ते पाप कसलं? आणि सांगितलं तर तो म्हातारा मला तुझ्या पाया पडायला लावेल."

मग बाईंनी काय करावं? सणासाठी कढवलेल्या तुपाच्या बरणीत बोट बुडवलं आणि चाटलं. "झालं. मोडला उपवास. आता खोटं बोलायला नको."

देवानं माणूस होऊन गोठ्यात जन्म घ्यावा, तो नर्गिसच्या बोटभर तुपासाठी!

बाई तडक चर्चला निघाल्या, मी मागोमाग गेलेच. असला तमाशा कोण सोडतं?

"तूप चाखलं, अबूना."

"कधी?"

"आत्ताच."

"सण तोंडावर, आणि आजच धीर सुटला? का गं?"

जाऊबाई दुष्ट असतील, खोटारड्या नाहीत. मग मांजरीचं सांगितलं, दात उपटून घेतल्यासारखं.

"आधी तिच्याकडे जा," अबूना म्हणाले, "मग इथं."

घरात शिरल्या त्या तणतणतच. "इरिनी, ते त्या दिवशीचं... म्हण माफ केलं, मला उशीर होतोय."

"बाळाचं नाव घ्या."

"काय?"

"एकदाही नाही घेतलंत. 'ते झालं तेव्हा', एवढंच म्हणता. नाव घ्या त्याचं."

जाऊबाई परातीशेजारी खाली बसल्या. "बासिली," म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा, "बासिली. कान माझ्यावर गेले होते त्याचे."

इरिनीनं पिठाचे हात झग्याला पुसले.

"केलंस माफ?"

"अजून नाही. पण उठा. चर्चला मीही येते."